ॲपला अडीच स्टार, टेकड्यांना पाच: फैजपूरकडच्या मळ्यात बसून बघितलेली फोर हिल्स

पहिले स्टार सांगून टाकतो, म्हणजे ज्याला तेवढंच पाहिजे तो मोकळा. ज्या ॲपचा पास घेऊन बघितली त्याला अडीच, आणि त्यातला अर्धा निव्वळ पिक्चर क्वालिटीसाठी. जी स्पर्धा बघितली, म्हणजे स्की जम्पिंगची फोर हिल्स टूर्नामेंट, तिला पाचपैकी पाच, आणि आमच्या आप्पांना विचाराल तर सहा. ॲपचं नाव लिहीत नाही कारण त्यांच्या कस्टमर केअरशी अजून एकदा बोलायची ताकद माझ्यात उरलेली नाही, पण खाली जे लिहितोय त्यावरून जे वापरतात ते ओळखतीलच.

आता हे खूळ आमच्याकडे कसं आलं ते. डिसेंबर 2024, मेलबर्नची टेस्ट चालू होती, पहाटे पाचला उठून बघायची आणि दिवसभर तोंड पाडून बसायचं असा कार्यक्रम. माझा मावसभाऊ म्युनिकला असतो, त्याने व्हॉट्सॲपवर पंधरा सेकंदाचा व्हिडिओ टाकला, एक माणूस बर्फाच्या घसरगुंडीवरून सुटतो आणि हवेत जातो आणि जातच राहतो, खाली हजारो लोक एका सुरात ओरडतात. खाली भावाने लिहिलेलं, रविवारी रात्री नऊला बघ, आपल्या टायमाने. मी चिडून म्हटलं बघतो, तसंही क्रिकेटमध्ये काही राम नाही. एका महिन्याचा पास घेतला, तीन-चारशे रुपयाच्या आसपास, म्हणजे सहकुटुंब एकदा शेवभाजी खाल्ली तर जातात तेवढे.

रविवारी, 29 तारखेला, मळ्यात भरीत पार्टी आधीच ठरलेली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू, भरीत ठेचायची लाकडी बडजी धुवून ठेवलेली, दहा-बारा माणसं. लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राकडून प्रोजेक्टर आणलेला, खरं म्हणजे पोरांना कार्टून लावायला, आणि गोडाऊनच्या चुन्याच्या भिंतीवर ओबर्स्टडॉर्फ आलं. पांढऱ्या भिंतीवर पांढरा बर्फ, पहिली दोन मिनिटं कोणाला काही दिसेना. मग एक जण सुटला आणि सगळे गप्प. आप्पा शेकोटीजवळून उठून खुर्ची घेऊन पुढे येऊन बसले आणि त्यांचा पहिला प्रश्न, जो मला आजपण बरोबर वाटतो, असा होता: "खालीच यायचं होतं तर हे वर गेले कशाले?"

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. चार गावं, चार टेकड्या, चार दिवस, सगळं मिळून साधारण दहा दिवसांत आटपतं. दोन जर्मनीत, ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्शन, दोन्ही बव्हेरियात. दोन ऑस्ट्रियात, इन्सब्रुक आणि बिशोफ्सहोफेन. ओबर्स्टडॉर्फ 29 डिसेंबरला, गार्मिश बरोब्बर 1 जानेवारीला, इन्सब्रुक त्यावेळी 4 ला होतं, आणि शेवट 6 जानेवारीला बिशोफ्सहोफेन. पहिल्यांदा झाली ती 1953 च्या 1 जानेवारीला गार्मिशमध्ये सुरू झाली आणि पहिला जिंकला ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल. प्रत्येक ठिकाणी दोन उड्या, म्हणजे एकूण आठ, आणि आठही उड्यांचे मार्क जोडून शेवटी ज्याचे जास्त तो राजा, त्याला सोनेरी गरुडाची ट्रॉफी. एक उडी फसली की दहा दिवस पाण्यात. आपल्याकडे सेमिस्टरला एक पेपर गेला तर एटीकेटी असते, इथे ती भानगड नाही.

नाही, थोडीशी आहे. पहिल्या राउंडला इथे नॉकआउट चालतं, 1996-97 पासून, आणि आप्पांना ही गोष्ट सांगितल्या-सांगितल्या कळली. क्वालिफाइंगमधून पन्नास जण येतात, त्यांच्या पंचवीस जोड्या लावतात, पहिला आला त्याच्यासमोर पन्नासावा, दुसऱ्यासमोर एकोणपन्नासावा, असं करत. जोडीत जो जिंकेल तो पुढच्या राउंडला, आणि हरलेल्यांमधले जे सगळ्यात चांगले पाच असतील त्यांनाही वर घेतात. म्हणजे तीस होतात. आप्पा म्हणाले म्हणजे जत्रेतल्या कुस्तीसारखं, जोड कशी लागते त्याच्यावर हाये, कमजोर जोड लागली तर रेवड्यांची कुस्ती मारूनपन मानूस पुढे जातो. अगदी तेच. इंग्रजी कॉमेंट्रीवाला दहा मिनिटं घेत होता तेच सांगायला.

कॉमेंट्रीचं निघालंच आहे तर ॲपची पहिली तक्रार इथेच. ओबर्स्टडॉर्फला इंग्रजी कॉमेंट्री होती, गार्मिशला तीन भाषांचं बटण दिसत होतं पण कुठलंही दाबलं तरी जर्मनच, इन्सब्रुकला कॉमेंट्रीच नाही, नुसता ढोलासारखा आणि भोंग्यांचा आवाज. मी चॅटवर लिहिलं तर बॉट म्हणतो तुमच्या डिव्हाइसची भाषा तपासा. डिव्हाइसची भाषा मराठी आहे रे बाबा, मराठीत दे मग. शेवटी इन्सब्रुकला आमची कॉमेंट्री आप्पांनीच केली, आणि सांगतो, पैसे देऊन मिळणाऱ्यापेक्षा ती बरी होती.

कारण हा खेळ वाऱ्याचा आहे आणि आप्पांची चाळीस वर्षं वाऱ्याकडे बघण्यात गेलीत. केळीवाल्या घरात जे वाढले त्यांना समजेल. मे-जूनमध्ये दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं की घरात कोणी जेवत नाही, घड लागलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते आणि वर्षभराचा पैसा मातीत. म्हणून शेताच्या कडेने शेवरी लावायची, गजराज गवत लावायचं, वारा अडवायला. त्या माणसाला टीव्हीवर कोपऱ्यात वाऱ्याचा बाण आणि आकडा दिसला आणि तो बाण कशासाठी आहे हे मी सांगायच्या आत त्यांनी ओळखलं.

मला वाटलं होतं मागून वारा असेल तर माणूस लांब जाईल, ढकलला जाईल. उलटं आहे. समोरून वारा आला की तो उडणाऱ्याला खालून उचलून धरतो, पतंगासारखं, मागून आला की दाबून खाली आदळतो. आप्पा म्हणाले पतंग कधी वाऱ्याच्या पाठीवर चढतो का, संक्रांत करतो ना तू दरवर्षी? करतो, पण कधी असा विचार केला नव्हता. म्हणून मग नियमात हिशोब ठेवलाय, समोरच्या वाऱ्याचा फायदा मिळाला तर मार्क कापतात, मागचा वारा लागला तर वाढवून देतात. तसंच सुटायची जागा, तो जो आडवा दांडा असतो ज्याच्यावर बसतात, तो वरखाली करता येतो, खालून सुटला तर स्पीड कमी म्हणून त्याचे मार्क वेगळे. वारा अगदीच बिघडला तर लाल दिवा आणि पोराला दांड्यावरून उठवून बाजूला घेतात. आणि दिवा हिरवा झाला तरी खाली कोच उभा असतो झेंडा घेऊन, त्याने झेंडा खाली केला की मग सुटायचं. आप्पांना हा झेंडेवाला फार आवडला. "हा खरा शेतकरी हाये," म्हणे, "आभाळ पाहून सांगतो."

मार्कांचं अजून थोडं, कारण हे कळल्याशिवाय मजा येत नाही आणि ॲपवर हे कुठेच समजावलेलं नाही, नुसते आकडे फेकतात. प्रत्येक टेकडीवर एक ठरलेली रेघ असते, के पॉइंट म्हणतात, ओबर्स्टडॉर्फला ती 120 मीटरवर आहे. बरोबर तिथे उतरलात तर 60 मार्क, पुढे प्रत्येक मीटरला 1.8 जास्त, अलीकडे पडलात तर तेवढेच वजा. शिवाय पाच पंच, प्रत्येकाकडे 20 मार्क, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा पंच काढून टाकायचा आणि मधल्या तिघांचे धरायचे. पंच बघतात काय तर हवेत अंग कसं होतं आणि उतरताना एक पाय पुढे एक मागे करून, हात पसरून उतरला का, त्याला टेलिमार्क म्हणतात. दोन्ही पाय जोडून धप्पकन उतरलात तर मार्क गेले. एवढ्या स्पीडने, नव्वदच्या आसपास किलोमीटरने सुटून, सव्वाशे-दीडशे मीटर हवेतून येऊन वर पुन्हा सुंदर उतरायचं. माझी बायको म्हणाली म्हणजे स्वयंपाक पण करायचा आणि हसून वाढायचं पण.

एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली आणि मी थक्क झालो, ती उडी मारायची जी शेवटची कड असते ना, ती वर वळलेली नसते, खालीच उतरती असते, दहा-अकरा अंशांनी. म्हणजे टीव्हीवर वाटतं की फेकला जातो वर, तसं नाहीच, सगळी ताकद त्या क्षणाला पायातून द्यायची असते आणि ते दोन-चार दशांश सेकंदाचं काम. आधी चुकलं तरी गेलं, नंतर चुकलं तरी गेलं. मग हवेत स्की व्हीसारख्या फाकवतात. आधी समांतर धरायचे, ऐंशीच्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लॉव्हने व्ही केला तर पंच त्याचे मार्क कापायचे, म्हणे दिसायला वाईट. लांब जात होता तरी. नंतर सगळ्यांनी तेच धरलं.

आता टेकड्यांचा रिव्ह्यू, कारण चारही सारख्या नाहीत आणि मला चारही सारख्या आवडल्या नाहीत.

ओबर्स्टडॉर्फची शाटेनबर्ग, पहिला दिवस, रात्रीचे दिवे, गर्दी प्रचंड, सुरुवातीसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही. त्या रात्री पहिले तिघे तिन्ही ऑस्ट्रियाचे, क्राफ्ट, हॉर्ल, चोफेनिग. जर्मन लोकांच्या घरात येऊन. जर्मनीचा पियुस पाश्के त्या सीझनला 34 वर्षांचा, आयुष्यभर मागेपुढे राहून अचानक जिंकायला लागलेला, सीझनमध्ये जो पुढे असतो त्याचा पिवळा बिब घालून आलेला, सगळं गाव त्याच्यासाठी ओरडत होतं आणि त्याला पहिल्या तिघांत यायला जमलं नाही. 2002 मध्ये हानावाल्ड जिंकला त्यानंतर जर्मनीचा एकही पूर्ण स्पर्धा जिंकलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मेलबर्न 184 रननी हरलो, तेव्हा मला त्या ओबर्स्टडॉर्फच्या गर्दीतल्या लोकांचे चेहरे आठवले, अगदी तसेच आपले होते.

गार्मिश मला थोडं कोरडं वाटलं. 1 जानेवारी, तिकडची दुपार, आपली संध्याकाळ साडेसहा. कमानीसारखी टेकडी सुंदर आहे, जुनी 1936 च्या ऑलिम्पिकची होती ती 2007 मध्ये पाडून नवी बांधली, पण उजेडात सगळं जरा जास्तच खरं दिसतं, आणि आमच्याकडे 31 च्या रात्रीमुळे अर्धी पब्लिक आलीच नाही. चोफेनिग जिंकला. भिंतीसमोर मी, आप्पा आणि एक झोपलेला कुत्रा.

इन्सब्रुकला मात्र जीव अडकला. बर्गिझेल टेकडी, तिचा टॉवर झाहा हदीदने केलेला, 2002 मध्ये उघडला, वरती कॅफे आहे, लोक कॉफी पीत बसतात आणि त्यांच्या खालून पोरं सुटतात. टेकडी गावाच्या डोक्यावरच आहे आणि वरच्या दांड्यावर बसलं की समोर सरळ खाली दिसतं ते स्मशान, कबरस्तान. हे मी आप्पांना सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "बरं हाये, नीट उतरतील." बाकी तिघींपेक्षा ही छोटी आहे, इथे फार लांब जाता येत नाही आणि वारा तर असा की 2008 आणि 2022 दोन्ही वेळा इथली स्पर्धा रद्द करून बिशोफ्सहोफेनला न्यावी लागली होती. आप्पांनी इथे जो अंदाज लावला तो मी लिहून ठेवलाय. बाण बघून आणि झाडांचे शेंडे बघून ते आधीच सांगायचे, "याले थांबवतील" किंवा "आता सोडतील बघ", दहातले सात-आठ बरोबर. लहानपणी खळ्यावर ज्वारी उपणताना ते असंच तोंडावर वारा घेऊन उभे राहायचे, टोपली डोक्यावर धरून, आणि वारा यायच्या आधी त्यांना तो कळायचा. मला तेव्हा ती जादू वाटायची.

आई सगळ्यात शेवटच्या रांगेत पुऱ्या लाटत बसलेली, तिला खेळाशी घेणंदेणं नाही, तिचं एकच की ही पोरं एवढी बारीक का. "यायले घरी कोनी खाऊ घालत नाही का?" गंमतीची गोष्ट नाही ही, खरंच या खेळात वजनाचा मोठा प्रॉब्लेम होता, हलका माणूस लांब जातो म्हणून पोरं उपाशी राहायची. मग नियम आला, उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या मापापेक्षा कमी असेल तर स्की आखूड वापरायच्या, म्हणजे उपाशी राहून मिळालेला फायदा तिथेच जातो. कपड्यांचं तर विचारूच नका, तो जो अंगभर सूट असतो त्याचं माप, त्यातून हवा किती जाते, सगळं मोजतात, ढगळ असला तर तो शिडासारखा काम करतो. मार्च 2025 मध्ये ट्रॉन्डहाइमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला नॉर्वेच्या टीमने सूटमध्ये शिलाईची गडबड केली म्हणून त्यांचे दोघे मोठे खेळाडू बाद झाले, केवढा गोंधळ झाला. आई म्हणाली म्हणजे टेलरनेच जिंकून दिलं असतं.

माझी पुतणी, नववीत आहे, तिने पहिल्याच दिवशी विचारलं मुली कुठेयत. मुलींची फोर हिल्स तेव्हा नव्हती. ऑलिम्पिकमध्येच बायकांचं स्की जम्पिंग 2014 ला आलं. 2023-24 पासून गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फ अशा दोनच टेकड्यांवर त्यांची टू नाइट्स टूर होत होती, याच दिवसांमध्ये. ॲपवर ती शोधायला मला वीस मिनिटं लागली, अदर स्पोर्ट्समध्ये, त्यात विंटरमध्ये, त्यात अजून कुठेतरी. याचा अर्धा स्टार मी वेगळा कापलाय.

आता 6 जानेवारी, सोमवार, बिशोफ्सहोफेन. यासाठीच हा सगळा रिव्ह्यू लिहितोय खरंतर.

ही टेकडी पॉल आउसरलाइटनरच्या नावाने आहे, तिथेच 1952 मध्ये पडून जो गेला तो खेळाडू. सुटायचा रस्ता इथला लांब आणि इतरांपेक्षा सपाट. रात्रीचे दिवे. आपल्याकडे नऊ वाजलेले. तीन उड्डाणवीर, तिघेही ऑस्ट्रियाचे, तिघेही त्यांच्याच देशात, आणि सहा उड्या झाल्यावर तिघांमध्ये दीड मार्काचंही अंतर नाही, म्हणजे मीटरभराचं पण नाही. क्राफ्ट पुढे, मग हॉर्ल, मग चोफेनिग. क्राफ्ट 31 चा, दहा वर्षांपूर्वी एकदा जिंकलेला, चोफेनिग 22 चा. मळ्यात त्या दिवशी भरीत नव्हतं, सोमवार ना, पण माणसं त्या रविवारपेक्षा जास्त आली, कारण शनिवारी इन्सब्रुकला जो क्राफ्ट परत जिंकला त्यानंतर आमच्या पारावर तीन पार्ट्या पडल्या होत्या. किराणावाला क्राफ्टचा, डीपीवाला वायरमन चोफेनिगचा, आणि हॉर्लच्या बाजूने एकटा माझा साडू, तो कायम दुसऱ्या नंबरच्याच बाजूने असतो.

पहिल्या राउंडनंतर क्राफ्ट पुढे. शेवटच्या राउंडला उलट्या क्रमाने येतात, म्हणजे जो पुढे तो सगळ्यात शेवटी. चोफेनिग सुटला, लांब गेला, सुंदर उतरला. वर उरला एकटा क्राफ्ट. आणि वारा बिघडला. दांड्यावर बसवलं, लाल दिवा, उठवलं. परत बसवलं, परत उठवलं. आप्पा उभे राहिले. त्यांनी तोंड उत्तरेकडे केलं, सातपुड्याकडे, जणू बिशोफ्सहोफेनचा वारा तिकडून येणार होता, आणि म्हणाले, "याचं झालं. मानूस वारा पाहत बसला की पाय थंडे पडतात. आता सोडला तरी नाही जायचा."

आणि इथे, बरोब्बर इथे, क्राफ्ट तिसऱ्यांदा दांड्यावर बसतोय आणि भिंतीवर गोल गोल फिरणारं चक्र.

लाईट होती. नेट होतं, वायरमन स्वतः उठून राउटर बघून आला. मोबाईलवर बाकी सगळं चालत होतं. फक्त हे ॲप नाही. चाळीस सेकंद, पन्नास सेकंद, तीस माणसं एका चक्राकडे बघत उभी, आणि मग माझ्या खिशात फोन वाजला. त्याच ॲपची नोटिफिकेशन. चोफेनिग विजेता, अभिनंदन, हायलाइट्स पाहा.

म्हणजे व्हिडिओ पाठवायला यांच्याकडे सर्व्हर नाही पण निकाल सांगायला आहे. मी तो फोन कोणाला दाखवला नाही. मला वाटलं निदान आप्पांना तरी बघू द्यावं. दोन मिनिटांनी चित्र आलं तेव्हा क्राफ्ट खाली उतरलेला होता आणि चोफेनिगच्या गळ्यात दोघेही पडलेले होते. उडी आम्ही नंतर रिप्लेमध्ये बघितली, आणि रिप्ले लावायला गेलो तर त्याच्या फोटोवरच ट्रॉफी घेतलेला चोफेनिग. हे यांचं नेहमीचं आहे, जुने सामने बघायला जा, फोटोवरच निकाल. स्पॉइलर लपवायचं बटण सेटिंगमध्ये आहे, मी लावलेलं, फरक शून्य.

शेवटचा हिशोब असा की आठ उड्या मिळून प्रत्येक जण किलोमीटरभर हवेत गेला असेल आणि चोफेनिग आणि हॉर्लमध्ये फरक राहिला 1.4 मार्कांचा, म्हणजे पाऊण मीटरच्या जरा वर. क्राफ्ट तिसरा, 4.1 ने मागे. साडूचा माणूस दुसरा आला त्यामुळे साडू खूष. किराणावाल्याने तीन दिवस वायरमनला चहा पाजला. विजेत्याला एक लाख स्विस फ्रँक मिळतात, ते ऐकून कोणीतरी म्हणालं एवढ्यात तर आपल्या गल्लीचं सगळं कर्ज फिटेल, आणि मग विषय केळीच्या भावाकडे गेला.

त्यानंतर पासचे दिवस उरले होते म्हणून जुन्या वर्षांचे सामने बघितले, आणि ॲपला जे अडीच मिळाले त्यातले दोन या जुन्या साठ्याचे. चारही टेकड्या एकाच वर्षी जिंकणारे फक्त तिघे, हानावाल्ड 2001-02 ला, पोलंडचा कामिल स्तोख 2017-18 ला आणि जपानचा र्योयू कोबायाशी लगेच पुढच्या वर्षी. याच कोबायाशीने 2023-24 ला काय केलं, चारही ठिकाणी दुसरा आला, एकही जिंकली नाही, आणि पूर्ण स्पर्धा जिंकला. साडूला हे दाखवलं तर डोळ्यात पाणी यायचं राहिलं. फिनलंडचा आहोनेन पाच वेळा जिंकलाय, त्यातली 2005-06 ची वाटून, कारण आठ उड्यांनंतर त्याचे आणि चेक याकुब यांडाचे मार्क अगदी सारखे निघाले, दशांशासकट, मग दोघांनाही विजेता केलं.

आप्पांना आवडलेली अजून एक क्लिप, उन्हाळ्यातली. बर्फ नसताना अशा टेकड्यांवर प्लास्टिकची हिरवी चटई अंथरतात, पाणी मारतात आणि त्याच्यावर उतरतात. आप्पा म्हणाले हे तर मल्चिंग हाये, शेतात प्लास्टिक अंथरतात तसं.

पैशांचं सांगायचं राहिलं. पास महिन्याचा घेतला होता, ऑटोपे मी बंद केलेलं, मला स्पष्ट आठवतंय, स्क्रीनशॉट पण आहे, तरी फेब्रुवारीत पैसे कापले. कस्टमर केअर, चॅट, ईमेल, सगळं करून अकरा दिवसांनी परत आले, तेही कूपन म्हणून आणि ते कूपन पुढच्या वर्षी वापरायचं. म्हणून घेणार असाल तर 26-27 डिसेंबरला घ्या, ऑटोपे ॲपमधून नाही, बँकेच्या नाहीतर यूपीआयच्या बाजूने बंद करा, आणि 7 जानेवारीला विसरून जा. दोनच स्क्रीनवर चालतं, तिसऱ्याने लावलं की पहिला बाहेर, त्यामुळे भाच्यांना पासवर्ड देऊ नका. फोनवर बघू नका, उडी दिसत नाही, मोठी भिंत पाहिजे, आणि नोटिफिकेशन, हात जोडून सांगतो, बंद. क्वालिफाइंग पण बघा, पहिली 28 लाच असते, जोड्या तिथेच लागतात आणि आप्पांच्या मते खरं वारं त्याच दिवशी कळतं.

कूपन अजून माझ्याकडे आहे. नाही घ्यायचं असं ठरवलं होतं. परवा आप्पांनी बाजारातून येताना वांगेवाल्याला 29 तारखेची वांगी सांगून ठेवली, पंधरा किलो, आणि मला विचारलं, "ते पोऱ्हं हाये ना यंदा, जे वर बसून राह्यलं होतं?" हाये म्हटलं. आता कूपन टाकून बघतो तर इनव्हॅलिड दाखवतंय.